धारवाडचे एलियटसाहेब

आपल्या रानात एक प्राणी आहे. अंगावर कौलांसारखे खवले, लांब जीभ, वारुळे उकरून मुंग्या खाणारा, भ्याला की स्वतःभोवती गुंडाळी करून चेंडू होणारा. मराठी माणूस त्याला खवले मांजर म्हणतो आणि कानडी माणूस चिप्पुहंदी, म्हणजे शिंपल्यांचे डुक्कर. प्राणी एकच, पण एका भाषेला त्यात मांजर दिसले आणि दुसरीला डुक्कर. वास्तविक तो मांजरही नव्हे आणि डुक्करही नव्हे. तरीसुद्धा दोन्ही नावांत काहीतरी पाहिलेले आहे. मराठी नावाने त्याची दबकी, निशाचर चाल टिपली असावी, तर कानडी नावाने त्याचे जमीन उकरणे. आपला प्रदेश असा आहे की या दोन्ही नावांनी हाक मारणारी माणसे एकाच आळीत राहतात.

धारवाडचा मुलूखच सांध्यावरचा आहे. पश्चिमेला कलघटगी, हल्याळच्या बाजूस निघाले की मलनाडचे पावसाळी रान सुरू होते. पूर्वेला नवलगुंदाकडे वळले की क्षितिजापर्यंत काळी, सपाट शेते. मध्ये तांबडी, खडेमिश्रित मसारी जमीन. जशी जमीन तीन परींची, तशीच माणसेही नाना परींची. कानडी बोलणारे शेतकरी, मराठी बोलणारी घराणी, उर्दू बोलणारे कारागीर, आपसात तेलुगु बोलणारे वड्डर, आपली वेगळी बोली जपणारे लमाणी. या सरमिसळीतून रानाविषयीचे जे ज्ञान साठले होते, ते कागदावर उतरवण्याचा पहिला मोठा प्रयत्न सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ज्याने केला, तो एक स्कॉटिश मुलकी अधिकारी होता. त्यांचे नाव सर वॉल्टर एलियट. कित्तूरच्या इतिहासात त्यांचे नाव एका ओळीपुरते येते, आणि तेही कैदी म्हणून. त्या ओळीपलीकडचा हा माणूस आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असावा, म्हणून हा लेख.

वॉल्टर एलियट यांचा जन्म १६ जानेवारी १८०३ रोजी एडिंबरो येथे झाला. घराणे स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील वुल्फली या गावचे. पंधराव्या वर्षी, १८१८ साली, त्यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत प्रवेश मिळाला आणि ते हेलबरीच्या कॉलेजात शिकू लागले. कंपनीचे भावी अधिकारी तेथे तयार होत असत. १८२१ साली ते मद्रासला उतरले. तेथील फोर्ट सेंट जॉर्ज कॉलेजात देशी भाषांचा अभ्यास झाला. १८२३ साली प्रथम सेलम येथे आणि लगेच आपल्या भागात त्यांची नेमणूक झाली.

पेशवाई १८१८ साली बुडाली होती. पेशव्यांकडून हाती आलेल्या या मुलखाला इंग्रजांनी सदर्न मराठा कंट्री, म्हणजे दक्षिणी मराठा मुलूख, असे नाव दिले होते. राज्य मराठ्यांचे होते म्हणून नाव मराठा, पण खेड्यापाड्यांतील बहुसंख्य रयत कानडी बोलणारी. नावात आणि वस्तुस्थितीत पडलेले हे अंतर एलियट यांच्या पुढच्या साऱ्या कामात पुन्हा पुन्हा दिसते. त्यांच्या ग्रंथाच्या मथळ्यावर मराठा मुलूख आहे, आणि आत उघडून पाहावे तर कानडी शब्दांची गर्दी.

त्या वेळी धारवाडला कलेक्टर आणि राजकीय एजंट होते सेंट जॉन थॅकरे. प्रसिद्ध कादंबरीकार थॅकरे यांचे हे चुलते. १८२४ च्या सप्टेंबरात कित्तूरचे संस्थानिक शिवलिंगरुद्र सर्जा निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेले दत्तक विधान थॅकरे यांनी मान्य केले नाही. संस्थान खालसा करण्याच्या बेतानेच ते कित्तूरला जाऊन बसले आणि त्यांनी खजिन्यावर मोहोरा केल्या. राणी चन्नम्मांनी हा अन्याय सोसला नाही. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी लढाई झाली. तीत थॅकरे मारले गेले आणि तोफखान्याचे तीन गोरे अंमलदारही पडले. थॅकरे यांचे दोन तरुण सहाय्यक, स्टीव्हन्सन आणि एलियट, कित्तूरकरांच्या हाती जिवंत सापडले. एलियट यांचे वय तेव्हा एकवीस वर्षांचे.

काही आठवडे हे दोघे किल्ल्यात अटकेत होते. कित्तूरकरांनी त्यांना मारले नाही. पुढे त्यांची सुटका झाली आणि डिसेंबरात मोठी फौज आणून इंग्रजांनी किल्ला घेतला. राणी चन्नम्मांना बैलहोंगल येथे नजरकैदेत ठेवण्यात आले आणि १८२९ साली त्या तेथेच वारल्या. संगोळ्ळी रायण्णाने पुन्हा बंड उभारले, त्याला १८३१ साली नंदगडला फाशी देण्यात आले. ज्या राज्याने कैद्याला जीवदान दिले ते राज्य बुडाले, आणि कैदी बुडवणाऱ्यांच्या नोकरीत पुढे चढत गेला. एलियट यांचे गुण गाताना हा हिशेब विसरून चालणार नाही. ते कंपनीचे चाकर होते, सारा वसूल करणे हे त्यांचे पहिले काम होते, आणि ज्या रानाची त्यांनी नोंद केली त्या रानात बंदूक घेऊन शिकार करण्याचाही त्यांना पुष्कळ नाद होता.

असे असूनही एक गोष्ट नजरेत भरते. कैदेतून सुटलेला एकवीस वर्षांचा तरुण या मुलखाचा राग धरून निघून गेला असता तर नवल नव्हते. एलियट राहिले, आणि नुसते राहिले नाहीत. पुढे हा प्रदेश मुंबई इलाख्याला जोडला गेला. एलियट मद्रासच्या सेवेतील असल्यामुळे त्यांची बदली होणे क्रमप्राप्त होते. पण मुंबईचे गव्हर्नर सर जॉन मालकम यांनी खास मागणी करून त्यांना येथेच ठेवून घेतले. १८३३ साली रजेवर मायदेशी जाईपर्यंत, म्हणजे उणीपुरी दहा वर्षे, त्यांचा मुक्काम या भागात होता.

या दहा वर्षांत त्यांनी तीन कामे केली, आणि तिन्हींचे मूळ एकच आहे.

पहिले काम शिलालेखांचे. देवळांच्या भिंतींवर, तळ्याच्या बांधांवर, शेताच्या कडेला जुन्या कानडी लिपीतील दगड उभे होते. लोक त्यांना नमस्कार करीत, पण ते वाचणारा मनुष्य मिळणे कठीण झाले होते. एलियट यांनी कचेरीतील जाणत्या पंडितांच्या मदतीने जुनी लिपी लावून घेतली आणि गावोगावच्या लेखांच्या नकला उतरवून घेतल्या. ही संख्या सुमारे सहाशेवर गेली. त्यावर आधारलेला त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला, आणि चालुक्यांसारख्या राजघराण्यांचा विसरलेला क्रम त्यामुळे पुन्हा लागू लागला. पुढे फ्लीट यांनी १८८२ साली कानडी जिल्ह्यांतील राजवंशांचा इतिहास लिहिला, त्याच्या पायात एलियट यांच्या या हस्तलिखित संग्रहाचे दगड आहेत.

दुसरे काम शाळेचे. कंपनीचा कारभार या भागात मराठीतून चाले आणि सरकारी शाळाही मराठी होत्या. कानडी घरातील मुलाला अक्षर शिकायचे तर आधी परकी भाषा शिकावी लागे. १८३० च्या सुमारास धारवाडला कानडी शाळा सुरू होण्यात एलियट यांचा पुढाकार होता. दप्तराची भाषा एक आणि रयतेची भाषा दुसरी, ही अडचण त्यांनी ओळखली होती. आज आपल्या या अंकात मराठी आणि कानडी असे दोन्ही विभाग शेजारी शेजारी नांदतात, त्यामुळे ही गोष्ट येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. मराठीवर त्यांचा काही राग नव्हता. रयत ज्या भाषेत विचार करते तीत तिला लिहितावाचता आले पाहिजे, एवढाच मुद्दा होता.

तिसरे काम प्राण्यांचे, आणि या लेखाचा मुख्य विषय तोच.

एलियट यांनी या मुलखातील सस्तन प्राण्यांची यादी तयार केली. ती १८३९ साली मद्रासच्या साहित्य व विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्या काळी प्राणिशास्त्र म्हणजे बहुतेक ठिकाणी कातडी, कवटी आणि लॅटिन नाव. प्राणी मेल्यावर शास्त्र सुरू होई. एलियट यांच्या यादीत लॅटिन नावाशेजारी त्या त्या प्राण्याचे कानडी, मराठी किंवा वड्डरांच्या बोलीतील नाव असे, आणि त्याखाली तो प्राणी राहतो कोठे, खातो काय, बीळ कसे करतो, याची माहिती असे. ही माहिती कोणाकडून मिळाली हे त्या नावांवरूनच समजते.

उदाहरणार्थ उंदीर. उंदराकडे कोणी साहेब फारसा ढुंकून पाहत नसे. वाघ मारला की नाव होई, उंदीर मारून काय होणार? पण वड्डरांचे तसे नव्हते. तळी खोदणे, माती उपसणे, दगड फोडणे हा त्यांचा धंदा, आणि शेतातले उंदीर हे त्यांचे अन्न. ज्याचे पोट ज्यावर चालते, त्याविषयी त्याचे डोळे तीक्ष्ण असतात. आपण ज्या सगळ्यांना मिळून उंदीर म्हणतो, त्यांत वड्डरांना अनेक जाती दिसत आणि प्रत्येकीला वेगळे नाव होते.

कानडीत ज्याला 'कोक' म्हणत, तो शेतात बिळे करून धान्याची साठवण करणारा मोठा उंदीर. सुगीच्या दिवसांत वड्डर त्याची बिळे खणून आतले धान्य काढून घेत. एकेका बिळात कधीकधी अर्धा शेर धान्य निघे, त्यात ज्वारीची अख्खी कणसेसुद्धा सापडत. ज्या भागात हे उंदीर पुष्कळ असत, तेथे वड्डरांचा त्या हंगामातला निर्वाह बहुतांशी या धान्यावरच होई, असे एलियट यांनी नोंदवून ठेवले आहे.

दुसरा 'लेग्गडे'. हा तांबड्या, खडेवाल्या जमिनीत राहणारा काटेरी केसांचा लहान उंदीर. बांधाच्या कडेला याचे बीळ असते. आत गेला की हा तोंडाशी खडे रचून दार लावून घेतो, आणि आतल्या खोलीतही खड्यांचे अंथरूण करून त्यावर बसतो. बाहेर खड्यांचा छोटा ढीग दिसला की घरमालक कोण ते जाणत्याला कळते. मसारी जमिनीवर वर्षानुवर्षे कुदळ चालवणाऱ्या माणसाखेरीज दुसऱ्या कोणाला हे ठाऊक असणार?

तिसरा 'गुलंदी'. हे कानडी नाव. हा झुडपात राहणारा. काटेरी झुडपाच्या फांद्यांत किंवा खाली जमिनीवर वाळल्या गवताच्या काड्या विणून हा गोल घरटे करतो आणि आत अंगाची गुंडाळी करून पडून राहतो.

आणि चौथा 'मेत्ताडे'. हे वड्डरांचे नाव. तेलुगुत 'मेत्त' म्हणजे मऊ, आणि या उंदराची लव खरोखरच मऊ असते. हा शेतात राहतो, पण स्वतः बीळ करण्याचा याला कंटाळा. झुडपाच्या मुळाशी उथळ खळगा, शेतातून वेचून काढलेल्या दगडांचा ढीग, कोकाने सोडलेले बीळ, नाहीतर उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडणाऱ्या खोल भेगा, यांवर याचे भागते. मृगाचा पाऊस पडला की भेगा मिटतात, आणि त्यांत राहणारे हजारो मेत्ताडे दरवर्षी गाडले जातात.

१८२६ साली सुरुवातीचा पाऊस नेहमीसारखा पडला नाही. भेगा मिटल्या नाहीत, मेत्ताडे मेले नाहीत, आणि त्यांची वीण इतकी वाढली की मुलखावर संकटच कोसळले. पेरलेले बी ते लगेच खाऊन टाकीत. जे उगवून आले, त्या ज्वारीच्या ताटांवर चढून कणसे कुरतडून खाली पाडीत. कितीतरी शेते साफ झालेली एलियट यांनी स्वतः पाहिली. सारा भरण्याइतकेही पीक शेतकऱ्यांच्या हाती लागले नाही. तेव्हा रयतेने वड्डरांना बोलावले. इतके डझन उंदीर मारले की इतके माप धान्य, असा ठराव झाला. वड्डरांनी हजारो उंदीर मारले, तरी त्यांची संख्या कमी झाल्याचे जाणवेना.

ही हकीकत नीट वाचली तर तिच्यात शास्त्र भरलेले दिसेल. पाऊस, जमिनीची जात, भेगा, उंदीर, पीक, सारा आणि माणूस यांची एक साखळी येथे उलगडली आहे. असल्या साखळीच्या अभ्यासाला आज आपण परिस्थितिविज्ञान म्हणतो. ही संज्ञा तेव्हा जन्मलीही नव्हती. सारा वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला नुकसानीचे कारण शोधणे भाग होते हे खरे, पण ते कारण त्याला सापडले ते वड्डर, कुणबी आणि त्यांची भाषा यांच्याकडे कान दिल्यामुळे.

रजेवर जाताना एलियट यांनी आपल्याजवळचे नमुने विलायतेला नेले. ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी १८३७ साली त्यांतील काही नव्या जातींचे वर्णन छापले. आणि एक मौज झाली. ग्रे यांनी नावे ठेवताना एलियट यांनी कळवलेले देशी शब्दच उचलले. गुलंदीचे 'गोलुंडा' झाले, आणि त्याच्या पुढे एलियट यांचे नाव लागून 'गोलुंडा एलियॉटी' ही जात सिद्ध झाली. मेत्ताडेचे एक अक्षर बदलून 'मेल्टाडा' झाले. आज त्या मऊ उंदराला शास्त्रात 'मिलार्डिया मेल्टाडा' म्हणतात, आणि त्याचे मूळ स्थान म्हणून धारवाडचा उल्लेख होतो. कोक आणि लेग्गडे हे शब्दही शास्त्राच्या दप्तरात जाऊन बसले. म्हणजे ज्याला कधी अक्षर शिकायला मिळाले नाही, त्या वड्डराचा शब्द साऱ्या जगाच्या विद्यापीठांत गेला. एलियट यांचे नाव एका जातीला मिळाले. ज्याने कुदळीने बीळ उकरून तो उंदीर त्यांच्या हातावर ठेवला, त्याचे नाव मात्र कोठेच नाही. त्याचा शब्द तेवढा राहिला.

लोकांचे ज्ञान नेहमी अचूकच असते असे नव्हे. कानडी शिकारी बिबट्याच्या 'होनिग' आणि 'केरकल' अशा दोन जाती मानीत, आणि त्यावर पुढे साहेबलोकांतही पुष्कळ वाद झाला. आज शास्त्र ती एकच जात मानते. पण ही चूकही जवळून पाहणाऱ्याची चूक आहे. आकार, रंग आणि वस्तीचे ठिकाण यांतील फरक त्यांनी टिपला होता. त्याचा अर्थ लावण्यात तेवढी गल्लत झाली. शास्त्राचे काम अशा वेळी पारखण्याचे असते. लोकज्ञान हसण्यावारी नेणे किंवा डोळे मिटून स्वीकारणे, हे दोन्ही शास्त्राचे मार्ग नव्हेत.

धारवाड सोडल्यावरही एलियट यांची ही रीत बदलली नाही. रजेनंतर ते मद्रासच्या गव्हर्नरांचे खाजगी चिटणीस झाले आणि १८४५ पासून काही वर्षे तेलुगु भाषिक उत्तर सरकार प्रांताचे कमिशनर होते. अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची जागा त्यांनी १८४५ साली खणली आणि कोरीव शिळा मद्रासला पाठवल्या. पुढे त्यांतील बऱ्याचशा लंडनला गेल्या आणि आज त्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्या वस्तू आपल्याला पाहायला परदेशी जावे लागते, हे दुःख या प्रकरणातही आहेच. त्याच प्रांतातील वनस्पतींची यादी त्यांनी १८५९ साली 'फ्लोरा आंध्रिका' या नावाने प्रसिद्ध केली. ही यादी तेलुगु नावांवरून लावलेली आहे. प्रथम लोकांचे नाव आणि मग त्याचे शास्त्रीय नाव. ज्याला तेलुगु येते पण लॅटिन येत नाही, अशा माणसालाही शास्त्राच्या दारात येता यावे, अशी ती मांडणी होती.

याच सुमारास चार्ल्स डार्विन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. माणसाने पाळलेल्या पशुपक्ष्यांत इतके वैविध्य कसे आले, हा डार्विन यांच्यापुढचा मोठा प्रश्न होता आणि त्यासाठी ते जगभरातून कबुतरे गोळा करीत होते. एलियट यांनी हिंदुस्थानातून त्यांना पाळीव पक्ष्यांची कातडी पाठवली. १८५९ सालच्या जगप्रसिद्ध ग्रंथात डार्विन यांनी त्याबद्दल त्यांचा नावानिशी उल्लेख केला आहे. एलियट यांनी आणखीही एक गोष्ट पाठवली. १७७० साली वारलेल्या सय्यद महंमद मुसारी नावाच्या लेखकाचा कबुतरांवरचा एक फारसी ग्रंथ होता, त्याचे भाषांतर. डार्विन यांनी आपल्या १८६८ च्या ग्रंथात तो आभारपूर्वक वापरला. कबुतरबाजांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जाती घडवल्या, त्याची लेखी साक्षच त्यांना मिळाली. कबुतरे जशी वैविध्याचा नमुना होती, तशी ती पाळण्याची संस्कृती आणि तीवर लिहिलेला ग्रंथ हाही वैविध्याचाच भाग होता. पक्षी आणि पुस्तक दोन्ही पाठवणाऱ्या माणसाला हे नाते उमगले होते, असे म्हणायला हरकत नाही.

१८६० साली ते निवृत्त होऊन वुल्फलीला परतले. १८६६ साली त्यांना सर ही पदवी मिळाली आणि १८७८ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व. उतारवयात दृष्टी जवळजवळ गेली होती, तरी दक्षिण हिंदुस्थानातील नाण्यांवरचा ग्रंथ त्यांनी पुरा केला. १ मार्च १८८७ च्या सकाळी त्यांनी तमिळचे पंडित पोप यांना तिरुक्कुरळच्या नव्या आवृत्तीसंबंधी एक चिठ्ठी सांगून लिहवली, तीवर स्वतःच्या हाताने सही केली, आणि त्याच दिवशी त्यांचा देहान्त झाला. एडिंबरोत सुरू झालेले आयुष्य शेवटच्या दिवशीही एका दक्षिणी भाषेच्या चौकशीत गुंतलेले होते.

आता या चरित्राचा आपल्याला उपयोग काय, ते पाहू.

भाषांची आणि चालीरीतींची विविधता एका बाजूला, झाडांची आणि प्राण्यांची विविधता दुसऱ्या बाजूला, अशी आपली समजूत असते. पहिलीचा विचार कला शाखेने करावा, दुसरीचा विज्ञान शाखेने. जगातील अभ्यासकांनी ही भिंत अलीकडे पाडली आहे. १९८८ साली ब्राझीलमधील बेलेम येथे लोकज्ञान आणि निसर्ग यांचा अभ्यास करणारे संशोधक जमले होते. सांस्कृतिक विविधता आणि जैविक विविधता एकमेकींत गुंतलेल्या आहेत, असे त्यांनी तेथे जाहीर केले. १९९२ सालच्या जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय करारात स्थानिक समाजांच्या ज्ञानाचा मान राखण्याचे कलम आले.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्यायचे तर माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या जमातींचा अभ्यास करून १९८३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. एकाच टापूत हिंडणाऱ्या तीन जमाती. नंदीवाले कुत्री घेऊन साळिंदर, घोरपड, रानडुक्कर अशा प्राण्यांमागे जात. फासेपारधी फास लावून हरणे आणि पक्षी धरीत. वैदू लहान मांसाहारी प्राणी, कासवे, खेकडे यांवर अवलंबून असत. प्रत्येकाचे साधन वेगळे, सावज वेगळे आणि ज्ञानही वेगळे. एकाच रानावर तिघांची एकदम झडप पडत नसे. ज्या सावजावर पिढ्यान्‌पिढ्या जगायचे ते संपवून चालत नाही, असा काही धाक त्या वाटणीत असावा, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. जातिव्यवस्थेने केलेला अन्याय यामुळे धुऊन निघत नाही, आणि शिकारीचे दिवस परत यावेत असेही कोणी म्हणणार नाही. मुद्दा एवढाच, की ज्ञान सगळ्या समाजात वाटले गेले होते, आणि एक जमात उखडली की तिच्या वाट्याचे ज्ञान सोबत जाते.

आणि जमाती उखडल्या गेल्या. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने अनेक भटक्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का लोकांच्या मनातून अजून पुसला गेलेला नाही. ज्याच्याकडे पाहून लोक दार लावून घेतात, त्याला रानाविषयी विचारायला कोण जाणार? एलियट यांच्या वेळचे राज्य परकी होते, तरी त्यांनी वड्डराला विचारले. आज राज्य आपले आहे, आणि विचारणारे थोडे.

शब्द गेले की प्राणी जातात असे सरळ गणित नाही. पण दोन्ही गोष्टी बहुधा बरोबरीने घडतात. चित्त्यासाठी जुन्या ग्रंथांत 'सिवंगी' हा कानडी शब्द नोंदलेला आहे. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. २०२२ साली आफ्रिकेतून आणून तो मध्य प्रदेशात सोडण्यात आला, पण आपल्या माळावरचा सिवंगी गेला तो गेलाच, आणि मराठीत तर बिबट्यालाच चित्ता म्हणण्याची सवय लागली. नाव सैल झाले की नजरही सैल होते. माळ म्हणजे पडीक जमीन, झुडूप म्हणजे कचरा, असे एकदा म्हणू लागलो, की गुलंदीचे घरटे कोणाला दिसणार? उलट नाव आणि जिव्हाळा टिकला तर रानही टिकते. पश्चिमेकडील देवराया आणि देवरकाडू कुऱ्हाडीपासून वाचल्या त्या कायद्याच्या आधीपासून, लोकांच्या श्रद्धेने. राणेबेन्नूरच्या काळविटांसाठी १९७४ साली अभयारण्य झाले. कुंपण सरकार घालू शकते, पण कुंपणाबाहेरच्या शेतात आलेल्या काळविटाचे काय करायचे ते शेजारचा शेतकरीच ठरवतो.

२००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावोगाव समित्या नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याची तरतूद केली आहे. गावातील झाडे, प्राणी, बियाणे आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान तीत लिहायचे असते. एलियट यांनी १८३९ साली जे केले, त्याचेच हे आजचे रूप, आणि एका बाबतीत अधिक चांगले. कारण या नोंदवहीत सांगणाऱ्याचे ज्ञान त्याच्या गावाच्या नावावर राहते. परंतु अशी वही कचेरीत बसून भरली तर तिचा उपयोग नाही.

येथे आपल्या कॉलेजातील विद्यार्थ्यांना करण्यासारखे काम आहे. आपल्यापैकी कितीतरी जण नवलगुंद, कुंदगोळ, कलघटगी, खानापूर, हल्याळ भागांतील खेड्यांतून येतात. सुटीत घरी गेल्यावर आजीला, शेजारच्या धनगराला, विहीर खणणाऱ्या वड्डराला दहा पक्ष्यांची, दहा झाडांची, दहा गवतांची नावे विचारावीत. कानडी नाव, मराठी नाव, त्यांच्या बोलीतले नाव, आणि ते का पडले तेही लिहून घ्यावे. सांगणाऱ्याचे नाव त्याला विचारून खाली घालावे. विज्ञान शाखेच्या मुलांनी शास्त्रीय नावे लावावीत, भाषेच्या मुलांनी शब्द पारखावेत. मराठी विभागाच्या यादीत खवले मांजर येईल, कानडी विभागाच्या यादीत चिप्पुहंदी. दोन्ही याद्या एकत्र ठेवल्या, की प्राणी अधिक पुरा दिसू लागेल.

एलियट यांना हे काम परक्या भाषा शिकून करावे लागले. आपल्याला त्या भाषा घरातच मिळाल्या आहेत.